रेडियमच्या पट्टीत रेडियम असतं का?

प्रश्न आहे: ट्रॉलीच्या मागे चिकटवतात त्या लाल पट्टीला सगळे 'रेडियम' म्हणतात. तिच्यात खरंच रेडियम असतं का? आणि तिला 'स्वयंप्रकाशी' म्हटलं तर चालेल का?

दोन्हींचं उत्तर नाही. पट्टीत रेडियमचा कणही नसतो आणि तिला स्वतःचा प्रकाशही नसतो. गंमत अशी की ज्या वस्तूंवरून हे नाव आलं, त्या खरोखरच स्वतःच्या प्रकाशाने दिसत होत्या.

क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधलं. पुढे त्याचा क्षार झिंक सल्फाइडमध्ये मिसळून घड्याळाच्या काट्यांना आणि आकड्यांना लावायचा रंग तयार झाला. रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड उजळतं, त्यामुळे ही घड्याळं बाहेरच्या उजेडाशिवाय रात्रभर दिसत. अमेरिकेत हा रंग भरणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. त्यातल्या कित्येकींना जबड्याचे आणि हाडांचे भयंकर आजार झाले, काही दगावल्या. पुढे हा रंग बंद झाला, पण 'रेडियमचं घड्याळ' हा शब्द राहिला.

त्यानंतर दिवसभराचा उजेड साठवून अंधारात हिरवट दिसणाऱ्या देवाच्या मूर्ती आणि छताला चिकटवायच्या चांदण्या आल्या. त्यांनाही आपण रेडियमच म्हणू लागलो. मग पट्ट्या आल्या. माझा तर्क असा, की रात्री जे दिसतं ते रेडियम, एवढाच अर्थ तोवर उरला होता. आज नंबरप्लेटवर अक्षरं कापून देणाऱ्याच्या पाटीवरसुद्धा 'रेडियम आर्ट' असतं, मग ती अक्षरं रात्री दिसोत न दिसोत.

पट्टीचं काम मात्र अगदी वेगळं. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा इवले लोलक असतात. प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. अंधारात टॉर्च डोळ्याशेजारी धरून पट्टीकडे बघा, झगझगीत दिसेल. तोच टॉर्च हात लांब करून बाजूला धरला तर ती मंद होते. हेडलाइट लावलेल्या ट्रकवाल्याला ट्रॉली दिसते आणि कडेला उभ्या माणसाला तीच पट्टी काळपट वाटते, ती यामुळेच. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना पट्ट्या लावतात तेव्हा हे ध्यानात ठेवलेलं बरं: मागच्या गाडीचा दिवा बंद असेल तर रेडियमचा काडीचा उपयोग नाही.

आता पारिभाषिक शब्द. पट्टीसाठी 'परावर्तक' चोख आहे. सूर्य, ज्योत, काजवा यांना 'स्वयंप्रकाशी', आणि चंद्राला 'परप्रकाशित' म्हणावं. पाठ्यपुस्तकी 'दीप्तिमान' मला तितकासा पटत नाही. आर्यभटाने 'आर्यभटीया'त पृथ्वी, ग्रह आणि तारे यांचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळतो असं सांगताना 'दीप्यन्ते' हेच क्रियापद वापरलं आहे. (ताऱ्यांच्या बाबतीत तो चुकला, ते असो.) म्हणजे 'दीप्' धातूला प्रकाश स्वतःचा की उसना याचं सोयरसुतक नाही.

बोलीतली बरीच क्रियापदंही तशीच. वीज चमकते आणि आरसाही चमकतो. सूर्य तळपतो, तलवारही तळपते. पण काही क्रियापदं याबाबतीत पक्की आहेत. 'समई तेवते' म्हटलं की वात पेटलेली आहे. 'समई चकाकते' म्हटलं की कुणीतरी ती चिंच लावून घासलेली आहे, वात असो वा नसो. मिणमिणणं फक्त दिव्याच्या वाट्याचं, धगधगणं निखाऱ्याच्या. तकाकी आणि झिलई मात्र पृष्ठभागाची, ज्योतीला तकाकी कुणी म्हणत नाही.

तेव्हा पट्टी चकाकते म्हणा, चमकते म्हणा. दुकानात मात्र 'रेडियम'च मागा, 'परावर्तक पट्टी' म्हणालात तर दुकानदार पुन्हा विचारेल.