इंजिन बांधायचं की नवी स्कूटर घ्यायची? आधी गाडी का तापते ते शोधा

सेलू तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. खेड्यावरच्या शाळेत नोकरी, पगार १६,००० रुपये, रोज येऊन-जाऊन ४४ किलोमीटर. गाडी २०१४ सालची, ११० सीसी, कार्बोरेटरवाली स्कूटर. पंधरा किलोमीटर गेलं की इंजिन तापतं, गाडी ओढत नाही, कधी बंदच पडते आणि वीस मिनिटं थांबल्यावर पुन्हा सुरू होते. अॅव्हरेज ४७ वरून ३८ वर आलंय. मेकॅनिकने इंजिन बांधायला, म्हणजे खोलून पिस्टन-रिंगा बदलायला, ११,५०० रुपये सांगितले. शोरूमवाला जुनी गाडी १४,००० ला घेऊन ९८,००० ची नवी द्यायला तयार आहे: ९,००० रोख आणि ७५,००० चं कर्ज, ११ टक्के फ्लॅट, तीन वर्षं. घरात कापूस-सोयाबीनची शेती, तो पैसा दिवाळीच्या पुढे-मागे येतो. पोस्टात महिना १,००० ची पाच वर्षांची आरडी (आवर्ती ठेव) असून ३८ हप्ते भरून झालेत. ती भरून महिन्याला तीनेक हजार उरतात.

ताई, आज ११,५०० ही देऊ नका आणि कर्जाच्या कागदावर सहीही करू नका. मेकॅनिकने गाडी न खोलता इंजिन सांगितलंय, असं तुम्हीच लिहिता. तापणाऱ्या स्कूटरचं इंजिन गेलेलंच असतं असं नाही. बहुतेकदा थंड हवा इंजिनापर्यंत पोहोचत नसते. कारण न शोधता नवा पिस्टन बसवला तर तोही त्याच उष्णतेने ओरखडतो आणि ते ११,५०० पाण्यात जातात. म्हणून आधी पंधराशेच्या आसपास खर्च करून तपासणी करा.

पहिली तपासणी फुकट आहे. गाडी बंद पडली की पेट्रोल टाकीचं झाकण उघडून लगेच सुरू करून पाहा. सुरू झाली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय, इंजिनाचा काही दोष नाही. नाही झाली तर प्लग काढून ठिणगी बघायला सांगा. तापल्यावर ठिणगी जाते आणि थंड झाल्यावर येते, असं असेल तर कॉइल (ठिणगीला वीज पुरवणारा भाग) किंवा प्लगची कॅप बदलावी लागेल.

मग ऑइल. गाडी मेन स्टँडवर, इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद केलेलं, त्यानंतर दोन-तीन मिनिटं थांबायचं. पट्टी पुसून परत घालताना बहुतेक स्कूटरना ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, हे कंपनीच्या पुस्तिकेत बघून घ्या. या इंजिनात एकूण ऑइलच ७०० ते ८०० मिली असतं. त्यातलं २०० मिली कमी झालं म्हणजे चौथा हिस्सा गेला, आणि उष्णता वाहून नेणारं तेच. ऑइल वारंवार कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर मात्र रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) किंवा व्हॉल्व्ह सीलचा संशय खरा धरा.

सगळ्यात जास्त लक्ष पंख्याकडे द्या. मोटारसायकलच्या इंजिनाला वारा समोरून लागतो. स्कूटरचं इंजिन झाकलेलं असतं, म्हणून इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटवर बसवलेला पंखा हवा ओढतो आणि प्लास्टिकच्या कव्हरमधून ती सिलिंडर-हेडच्या धातूच्या पात्यांवरून फिरवतो. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ, त्यात कापसाच्या दिवसांत उडणारा तंतू, वरून ऑइलचा पाझर. याचा थर या धातूच्या पात्यांमध्ये असा बसतो की हवेला जागाच उरत नाही. आधीच्या कुठल्या कामात कव्हरचा एखादा बोल्ट किंवा तुकडा परत बसवायचा राहिला असेल, तर हवा बाहेरच्या बाहेर निघून जाते. पंख्याची पाती तुटलीत का तेही बघायला सांगा. साफसफाई इंजिन गार असताना ब्रश, रॉकेल किंवा डिझेल आणि मग हवेने. तापलेल्या इंजिनावर पाणी मारू देऊ नका, धातू वाकतो किंवा तडकतो.

मागचं चाक हाताने फिरवून बघा. अडत असेल, किंवा गाडी चालवून आल्यावर ड्रम हात न ठेववण्याइतका गरम असेल, तर ब्रेक घासतोय. अॅव्हरेज पडायला आणि इंजिनावर ताण यायला एवढंही पुरतं. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, रबराचा जळका वास येतो, असं असेल तर डाव्या बाजूचा पट्टा किंवा क्लच घसरतोय.

प्लगचा रंगही खूप सांगतो. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि असं इंजिन हमखास तापतं. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या जोडातून हवा शिरते का, जेट (पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र) तुंबलाय का, हे तेव्हा बघायचं. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या कार्बोरेटरमध्ये त्याने मिश्रण थोडं आणखी पातळ, म्हणजे हवा जास्त असलेलं, पडतं आणि जुने रबरी भाग लवकर खराब होतात, म्हणून हे जोड नीट तपासून घ्या. प्लग काळा-तेलकट असेल तर पुन्हा रिंगांकडे वळा.

हे सगळं झाल्यावरही गाडी तापली तर आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून मग कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, आकडा कागदावर लिहून घ्या आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजतात. आकडा वाढला तर दोष रिंगा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा), तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हचंच काम असेल तर हेड उतरवून भागतं, पूर्ण ११,५०० लागत नाहीत.

आता पैशाकडे येऊ. ११ टक्के फ्लॅट म्हणजे तीनही वर्षं पूर्ण ७५,००० वर व्याज, तुम्ही फेडलेल्या मुद्दलावरसुद्धा. व्याज २४,७५०, हप्ता साधारण २,७७१. घटत्या शिलकेवर मोजलं तर हा दर साडेएकोणीस टक्क्यांच्या घरात जातो. त्याहून मोठी अडचण हप्त्याच्या तारखेची आहे. तुमचे उरणारे तीन हजार जवळपास सगळे दर महिन्याला यात जातील, आणि शेतीचा पैसा वर्षातून एकदाच येतो. आषाढात खत-फवारणीला हात आखडला की हप्ता चुकतो आणि दंड लागतो.

अॅव्हरेजचा फायदाही शोरूममध्ये वाटतो तेवढा नाही. महिन्याला २५ दिवस धरले तर १,१०० किलोमीटर होतात. नव्या गाडीने ५२ दिलं आणि दुरुस्त झालेल्या जुनीने ४७, तर फरक सव्वादोन लिटरचा. पेट्रोल १०७ रुपये धरलं तर महिन्याला २४० रुपये.

इंजिन खरंच बांधावं लागलं असं धरून हिशोब करू. जुन्या गाडीचा टायर-बॅटरी-पट्ट्याचा जादा खर्च महिन्याला ७०० आणि पेट्रोलचे २४०. नवी गाडी न घेतल्याने वाचणाऱ्या हप्त्याच्या रकमेतून ते वजा केले तरी १,८३० उरतात. दुरुस्तीसाठी आरडी मोडू नका. तीन वर्षं झाल्यामुळे ती मोडता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. त्याऐवजी आरडीवरच कर्ज घ्या. बारा हप्ते झाल्यावर पोस्ट जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज देतं, म्हणजे तुम्हाला १९,००० पर्यंत. दर आरडीच्या व्याजापेक्षा दोन टक्के जास्त, नऊ टक्क्यांच्या आत. बचत गटातून शेकडा दोन रुपयांनी घेतलं तर वर्षाला २४ टक्के पडतात, ते इथे नको. १,८३० प्रमाणे हे ११,५०० सहा-सात महिन्यांत फिटतात. पुढच्या महिन्यांचे १,८३० वेगळे ठेवा. २२ महिन्यांनी आरडी पूर्ण होईल तेव्हा सत्तर हजारांच्या आसपास हातात येतील आणि वेगळे ठेवलेले अठ्ठावीस हजार असतील. आजच्या किमतीत ही जवळपास पूर्ण गाडी रोखीने झाली. तोवर किंमत वाढली तर जुनी विकून आलेले पैसे त्यात टाकायचे.

पण १२,००० च्या वर या गाडीत घालू नका. खोलल्यावर क्रँकचं (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचं) बेअरिंगही गेलेलं निघालं, खालून घरघर येत असेल, तर खर्च तिथे थांबत नाही. अशा वेळी ती आहे तशी देऊन टाका. नव्या गाडीचं कर्ज मग बँकेतून, घटत्या शिलकेच्या दराने आणि दोनच वर्षांसाठी बघा. प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास काय कापतात, हे लेखी मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. ९८,००० चं कोटेशन त्यानंतरचं आहे का हे विचारा, आणि विम्याची रक्कम वेगळी लिहून घ्या.

तुमच्या गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांची, म्हणजे २०२९ पर्यंत आहे. त्या बाजूने घाई नाही.

काम करून घ्यायचं ठरलं तर काढलेले जुने भाग परत मागा, पिस्टन नव्या ब्लॉकसकट टाकणार की जुना ब्लॉक लेथवर बोअर करणार ते कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि पंख्याचं कव्हर सगळ्या बोल्टांसह बसलंय हे स्वतः उभं राहून पाहा. पहिले ५०० किलोमीटर चाळीसच्या आत चालवा, मग ऑइल बदला. उन्हाळ्यात दुपारचा पारा ४२ वर असतो तेव्हा तपासणी होईपर्यंत ही गाडी लांब नेऊ नका. चालताना जोर कमी झाल्यासारखा वाटला की बाजूला घेऊन बंद करा, कारण पिस्टन पकडला तर मागचं चाक जागीच अडू शकतं. मेकॅनिक आगाऊ पैसे मागत असेल, तर कम्प्रेशनचा आकडा हातात आल्यावरच द्या.