साधी माणसं खरंच सत्तेपुढे उभी राहतात का?

राहतात. मी सोलापूरचा, त्यामुळे मला लांबचं उदाहरण शोधावं लागत नाही.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि आमचं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसं मेली. लोक इतके चिडले की काही दिवस शहरात इंग्रजांचं राज्यच उरलं नव्हतं. मग १२ मे पासून मार्शल लॉ. साधी गांधी टोपी घातली तरी मार खावा लागायचा.

आमच्या आजीची आई तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. नवरा गिरणीत. सोल्जर गल्लीत शिरले तसं तिनं त्याची टोपी ज्वारीच्या कणगीत खोल खुपसली आणि स्वतः दारात बसून निवडायला सूप घेतलं. आजी सांगायची, सूप थरथरत होतं, पण आई उठली नाही. इतिहासात तिचं नाव कुठं येणार? माझ्या लेखी मात्र हाच खरा प्रतिकार.

ज्यांची नावं राहिली ते चौघं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिलं. चौघांचे धर्म-जाती एक नव्हत्या, हे आज मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्यांचे पुतळे चार हुतात्मा चौकात आहेत. सोलापूरला आलात तर तिथं दोन मिनिटं थांबा.