बोलण्याच्या हालचाली कशा तपासतात?

प्रश्न : साडेतीन वर्षांचा मुलगा 'बादली'ला कधी 'बाई', कधी 'दाली', कधी 'बाबी' म्हणतो. हा अप्रॅक्सिया (स्नायू ठीक असूनही मेंदूला बोलण्याच्या हालचाली नीट आखता न येणं) का?

शंका रास्त आहे, पण एका शब्दावरून निदान होत नाही. आधी ऐकण्याची तपासणी करा. मग स्पीच थेरपिस्ट तोच शब्द किमान तीनदा, मध्ये थोडा वेळ सोडून, म्हणून घेतात. नंतर लांबी वाढवतात : 'बा', 'बाबा', 'बादली', 'बाबाची बादली'. अप्रॅक्सियात लांबीबरोबर चुका वाढतात, स्वरसुद्धा बदलतात, अक्षरं तुटक पडतात आणि लय बिघडते. याउलट 'काका'चं 'ताता' आणि 'कप'चा 'तप' दरवेळी ठरल्यासारखा होत असेल, तर बहुधा ध्वनींच्या नियमांची अडचण असते, हालचालींची नव्हे.

शब्द चुकला की खूण करून पुढे जाणारी तपासणी अर्धवट. तोच शब्द सावकाश, मुलाबरोबर एकाच वेळी म्हणून पाहावा. तरी जमेना तर बोटाने ओठांना दिशा द्यावी, मग आधार हळूहळू काढावा. कोणत्या आधाराने शब्द सुधारला, ही नोंद मला एकूण गुणांपेक्षा मोलाची वाटते. थेरपी तिथूनच सुरू करता येते.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी नाकातून बोलते, लाळही गळते.

इथे डिसार्थ्रिया, म्हणजे स्नायूंच्या अशक्तपणामुळे किंवा ताठरपणामुळे बिघडलेलं बोलणं, आहे का हे तपासावं लागेल. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा हलतो का, बाहेर काढलेली जीभ एका बाजूला वळते का, एका दमात किती शब्द येतात, जेवताना ठसका लागतो का, हे पाहतात. 'पापा' म्हणताना नाकाखाली धरलेला आरसा धुरकटला, तर हवा नाकातून निसटते आहे. मात्र त्याचं कारण टाळूची लपलेली फटही असू शकते. पडजीभ दुभंगलेली दिसली तर तो संशय बळावतो. आधी नीट बोलणारी मुलगी आता अशी बोलू लागली असेल, तर थेरपीची वाट न पाहता तातडीने मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : 'प-ट-क' भरभर म्हणता आलं नाही, फुगाही फुगवता येत नाही. याचा अर्थ काय?

तीन वर्षांच्या मुलात फारसा काही नाही. या वयात सूचनाच नीट कळत नाहीत. फुंकण्याच्या व्यायामाने उच्चार सुधारतात, असंही नाही.

प्रश्न : दोन वर्षांचं मूल पाचच शब्द बोलतं. अहवालात 'अप्रॅक्सिया' लिहावं?

नाही. पारखायला पुरेसं बोलणंच नाही. 'शंका' लिहा, थेरपी सुरू करा, शब्द वाढले की पुन्हा तपासा.