गाडी आणि आपण: पहिलीच गाडी, तीही जुनी सिव्हिक?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी खानापूरची. बेळगावला उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, रोज बसनं ये-जा करते. सेकंड शिफ्ट असली की घरी पोचायला फार रात्र होते, म्हणून गाडी घ्यायचं ठरलंय. लायसन्स आहे, मामांच्या जुन्या मारुती ८०० वर हात बसलाय. बजेट तीन लाख. पप्पा म्हणतात, पाच-सहा वर्षांची छोटी हॅचबॅक घे. माझा जीव मात्र कॉलेजपासून होंडा सिव्हिकवर आहे. कोल्हापूरला २००९ ची एक मॅन्युअल बघितलीय, एमएच-०९ पासिंग, मालक तिसरा, रंग एकदम चकचकीत, सव्वादोन लाख सांगतायत. एक फियाट लिनिया टी-जेटही नजरेत आहे. जो तो म्हणतो, पहिली गाडी असली घेऊ नये. तुम्ही अपघाताच्या गाड्यांचे सर्व्हे करता, म्हणून तुम्हालाच विचारते. खरंच घेऊ नये का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: सिव्हिक जरूर घे. पण हीच घे, असं मी म्हणणार नाही. तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी मला खटकल्या: कोल्हापूरची गाडी आणि चकचकीत रंग.

आधी पप्पांचं म्हणणं. त्यांची काळजी रास्त आहे, पण छोटी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी हा हिशेब मला पटत नाही. चालकासाठी एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली २०१९ च्या जुलैत आणि शेजारच्या सीटसाठी २०२१ मध्ये. म्हणजे त्या दोन वर्षांतली स्वस्त मॉडेलची हॅचबॅक घेतलीस, तर शेजारी बसलेल्या आईसमोर एअरबॅग नसेल असंही होऊ शकतं. सिव्हिक बसकी आणि रुंद आहे, मागची दोन्ही चाकं एकमेकांपासून स्वतंत्र हलणाऱ्या मल्टिलिंक सस्पेन्शनवर आहेत, त्यामुळे वळणावर ती रस्ता धरून चालते. १.८ लिटरचं इंजिन १३२ पीएस देतं. ८०० वरून त्यावर बसलीस की पहिले काही आठवडे ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवावा लागेल, एवढं मात्र मनावर घे. रात्री सुनसान चौपदरी रस्त्यावर ही गाडी वेग जाणवू देत नाही.

आता एअरबॅगचीच दुसरी बाजू, जी विकणारा सांगणार नाही. ताकाता या जपानी कंपनीचे इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, जगभर परत बोलावले गेले, त्यात आपल्याकडच्या या पिढीच्या सिव्हिकही होत्या. आतलं रसायन उष्णतेनं आणि दमट हवेनं वर्षानुवर्षं बिघडत जातं. मग एअरबॅग उघडताना इन्फ्लेटरच फुटतो आणि धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर येतात. खानापूर तालुक्यातला पाऊस आणि दमटपणा मी तुला सांगायला नको. गाडीचा चेसिस नंबर घे, होंडाच्या वेबसाइटवर टाक किंवा सर्व्हिस सेंटरला दाखव. रिकॉलचं काम झालंय की नाही ते कळेल, आणि राहिलं असेल तर ते फुकट करून मिळतं. हे कळल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नकोस. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलाय असं समज.

आता कोल्हापूर. तिथल्या लोकांवर माझा राग नाही, माझं अर्धं सासर तिकडचं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीला जो पूर आला, त्यात बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय झालं ते मला कामामुळे माहीत आहे. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या पाऊण हिश्शापुढे गेला की विमा कंपन्या गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण वाया गेलेली, धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगारात न जाता बोली लावणाऱ्याकडे जाते. तो ती धुतो, वाळवतो, रंगवतो. नंतर ती गाडी जिल्ह्याबाहेर, हद्दीपलीकडे विकणं सोपं जातं, कारण इथे तिचा इतिहास कुणाला ठाऊक नसतो. आपल्याकडेही मलप्रभा, घटप्रभा, कृष्णाकाठी २०१९ ला तेच झालं, त्यामुळे केए पासिंग असलं म्हणून निर्धास्त राहू नकोस.

बुडालेली गाडी ओळखता येते. भर दुपारी उजेडात जा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, अगदी मुळापर्यंत. वरचा भाग सगळेच धुतात. शेवटची वीतभर पट्टी, जी एरवी कधी बाहेर येत नाही, तिथे मातकट रेघ दिसली किंवा पट्टी बोटांना कडक, खरखरीत लागली तर तिथूनच परत फीर. मग पुढची सीट मागे सरकवून खालच्या रुळावर टॉर्च मार. साध्या वापरानं तिथे धूळ साचते, गंज धरत नाही. डिक्कीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघ. एसी लावायच्या आधी काचा बंद करून दोन मिनिटं आत नुसती बस आणि वास घे. परफ्यूमची बाटली ठेवलेली असेल तर ती आधी बाहेर ठेवायला सांग.

चकचकीत रंगाचं असं आहे. इतक्या जुन्या गाडीवर थोडे ओरखडे, दाराच्या कडेला टवके असणारच, आणि असलेले बरे. सगळीकडे सारखी चमक म्हणजे गाडी नुकतीच रंगवलीय. का रंगवली, ते शोधायचं. दार उघड, कडेचं रबरी बीडिंग हातभर ओढून काढ. ते सहज निघतं आणि सहज बसतं. खाली पत्र्याच्या जोडावर कंपनीचे स्पॉट वेल्ड असतात, ठरावीक अंतरावर छोटे गोल खळगे. अंगठा फिरवत जा. मध्येच खळगे गायब होऊन पत्रा सपाट किंवा ओबडधोबड लागला, तर दाराशेजारचा, छत पेलणारा तो खांब कापून जोडलेला आहे. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्टही बघ, रंग उडून पान्याचे वण दिसतात का. बंपर बदललेला चालतो, फेंडर बदललेला चालतो. खांब जोडलेली गाडी मी स्वतःच्या मुलीला घेऊ देणार नाही, तुलाही नको. सेकंडहँड गाडी घेताना बहुतेक लोक इंजिनाचा आवाज ऐकत बसतात. इंजिन दुरुस्त होतं, बदलताही येतं. तुझा जीव सांभाळणार आहे तो सांगाडा.

तरी इंजिनाचंही बघायचंच. या इंजिनाच्या आत रबरी टायमिंग बेल्टऐवजी टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही. मात्र सुरुवातीच्या वर्षांतल्या काही इंजिनांच्या ब्लॉकला, म्हणजे मुख्य धातूच्या ठोकळ्याला, चीर जाऊन कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) झिरपायचं, आणि त्यासाठी अमेरिकेत होंडानं वॉरंटी वाढवून दिली होती. म्हणून गाडी रात्रभर बंद असताना सकाळी जा, कूलंटची पातळी बघ, इंजिन गार असतानाच चालू करायला लाव. सौदा करण्याआधी मालकाला गाडी बेळगावपर्यंत आणायला सांग, म्हणजे वाटेत वंटमुरीचा घाट लागतो. तो चढ आणि उतार तू स्वतः चालव. चढावर एसी चालू ठेवून तापमान वाढतं का बघ. उतारावर ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क गेल्यात. चारही टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर कितीही जाड दिसलं तरी असले टायर बदलायचेच. तू रात्री चालवणार, तेव्हा हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून साफ करून घेणं हे म्युझिक सिस्टिमच्या आधीचं काम.

एक अडचण मात्र खरी आहे. सिव्हिकचं पोट स्पीडब्रेकरला लागतं, चार माणसं बसली की जास्तच. बेळगाव-खानापूर हमरस्त्याला प्रश्न नाही. तुझं घर गावात डांबरी रस्त्यावर असेल तर ठीक. जांबोटीकडे आत कुठे, पावसाळ्यात चाकोऱ्या पडणाऱ्या वाटेवर असेल, तर ही गाडी विसर आणि पप्पांचं ऐक. हे तू लिहिलेलं नाहीस, म्हणून माझा होकार तेवढ्यापुरता अडलाय.

पेट्रोलचंही लक्षात घे. आपल्या निपाणी, चिकोडी, अथणी, रायबागच्या उसाचं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के असतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं चांगलंच आहे. पण २००९ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरतं, आणि जुने रबरी पाइप फुगतात किंवा चिरतात. गाडी घेतल्याबरोबर टाकीपासून इंजिनापर्यंतचे इंधनाचे पाइप आणि सील मेस्त्रीकडून बदलून घे. पेट्रोलचा वास आला तर गाडी जागेवर उभी करायची, घरापर्यंत न्यायची नाही.

कागद. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २००९ च्या गाडीचं ते झालेलं असलं पाहिजे. ते राहिलेलं असेल तर मालकाला आधी करायला लाव. १५ वर्षांची पेट्रोल गाडी सरकार उचलून नेतं, ही दिल्ली परिसराची गोष्ट, आपल्याकडे तसं नाही. एमएच गाडी नावावर करायची तर कोल्हापूर आरटीओचं ना-हरकत पत्र (एनओसी), म्हणजे फॉर्म २८, मग मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, मग केए-२२ चा नवा नंबर आणि कर्नाटकचा कर. हा कर किती बसेल ते गाडीची माहिती घेऊन बेळगाव आरटीओत आधीच विचार, एजंटच्या तोंडी अंदाजावर जाऊ नकोस, आणि तेवढी रक्कम सौद्यात कमी करून माग. एमएच नंबरवरच वर्षानुवर्षं फिरवणारे इथे पुष्कळ आहेत. कायद्यानं दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपुढे गाडी ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो, आणि नाव जुन्याच मालकाचं असेल तर अपघातानंतर जो गोंधळ होतो तो मी रोज बघते. तुझ्या घरात तो नको.

विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करून घे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुला मिळत नाही, तो माणसाचा असतो. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर क्लेममध्ये निम्मे पैसे कापले जातात, प्लास्टिक-रबरावर तर कुठल्याही वयाच्या गाडीला निम्मे. त्यामुळे 'फुल इन्शुरन्स आहे' या शब्दावर विसंबू नकोस.

हे सगळं धरलं तर तीन लाखांतले सव्वादोन गाडीला देऊन भागणार नाही. दोन लाखांवर जाऊ नकोस, तिसरा लाख टायर, बुश, शॉक ॲब्जॉर्बर, कर आणि विम्याला राखून ठेव. २०११-१२ ची, पहिल्या किंवा दुसऱ्या मालकाची, सर्व्हिसची बिलं असलेली, रंग थोडा विटलेली सिव्हिक मिळाली तर तिला थोडं जास्त दिलेलं चालेल. अशा गाड्या मिळतात, दोन-चार महिने थांबावं लागतं.

लिनिया टी-जेट चालवायला फार गोड गाडी, टर्बो पेट्रोलमध्ये त्या काळी तशी दुसरी क्वचितच होती. पण फियाटनं इथला कारभार आवरलाय, आणि एका सेन्सरसाठी चार शहरांत फोन करत बसायची वेळ येते. रोजच्या शिफ्टला जाणारीनं ती घेऊ नये. घरात दुसरी गाडी असती तर मी वेगळं सांगितलं असतं.

प्रश्न: मुलानं पहिली गाडी म्हणून २०१४ ची वेंटो टीएसआय ऑटोमॅटिक पसंत केलीय. हळू चालवताना गचके देते. विकणारा म्हणतो, या गाड्या अशाच असतात.
— एक वाचक, निपाणी

उत्तर: अशा नसतात, साहेब. यात सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे, म्हणजे दोन कोरडे क्लच असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नीट असेल तर गिअर बदललेला कळतसुद्धा नाही. रांगत्या ट्रॅफिकमध्ये याचे क्लच तापतात आणि झिजतात, आणि गिअर बदलणारं मेकाट्रॉनिक युनिट बिघडलं तर त्याचं बिल अशा गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडतं. गचके हे त्याचंच लक्षण असू शकतं. स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे फॉल्ट कोड वाचून घ्या आणि क्लच किंवा मेकाट्रॉनिक बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर ही गाडी सोडा. मुलाला वेंटोच हवी असेल तर १.६ पेट्रोल मॅन्युअल बघा, जोर थोडा कमी आहे, पण पहिल्या गाडीला पुरतो.