इजिप्तमधल्या उत्खननांवर बेतलेल्या ऐतिहासिक रहस्यकथा वाचायच्या आहेत. सुरुवात कुठून करू? आणि त्यातला इतिहास खरा असतो का?

एलिझाबेथ पीटर्स यांच्या 'क्रोकोडाइल ऑन द सँडबँक'पासून सुरुवात करा. १९७५ची कादंबरी आहे, आणि अमेलिया पीबडी मालिकेची सुरुवात तिथूनच होते. लेखिकेचं खरं नाव बार्बरा मर्ट्झ. १९५२ साली शिकागो विद्यापीठातून त्यांनी इजिप्तॉलॉजीत डॉक्टरेट मिळवली होती, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. उरलेलं अर्धं एका उदाहरणानं सांगतो.

या कादंबरीत अमार्ना या इजिप्तच्या जुन्या राजधानीच्या जागी चाललेल्या उत्खननात एक रंगवलेली फरशी सापडते. रंग हात लावताच निघून येतील इतके नाजूक. नायिका अमेलिया त्यांच्यावर टॅपिओकाचं पातळ पाणी फिरवून ते पक्के करते. टॅपिओका म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तेच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही लेखिकेची कल्पना वाटली होती. पण फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञानं १८९१-९२च्या हंगामात अमार्नाला अशीच फरशी शोधली होती आणि ती अशीच जपली होती. ब्रशनं रंग उखडला असता म्हणून त्यानं ते पाणी बोटाच्या कडेनं पसरवलं. पुढे फरशी पाहायला येणाऱ्यांनी शेत तुडवलं म्हणून चिडलेल्या एका शेतकऱ्यानं १९१२मध्ये ती फोडून टाकली. कादंबरी १८८४-८५च्या काळात घडते, म्हणजे लेखिकेनं फरशीचा शोध काही वर्षं मागे नेला आहे. एवढी सूट मी आनंदानं देतो.

विद्यार्थी असताना मी एका उत्खननावर काही आठवडे खापरं धुतली आहेत. धुतलेल्या प्रत्येक तुकड्यावर थराचा क्रमांक घालायचा, तो चुकला की तुकडा कितीही सुंदर असला तरी जवळजवळ मुका. म्हणून मला या कथा आवडतात. खुनाच्या जागी पोलीस येईपर्यंत कशाला हात लावायचा नसतो, आणि उत्खननात वस्तूची नोंद होईपर्यंत ती जागची हलवायची नसते. पेट्रीची पद्धतही अशीच होती. मजुरांना सापडलेल्या वस्तूचे तो बाजारभावानं पैसे द्यायचा, म्हणजे ती गुपचूप लक्सरच्या दलालाकडे जाऊ नये. दलालाकडे गेलेली वस्तू कुठून आली हे कधीच कळत नाही. या मालिकेतले बरेच गुन्हे याच बाजाराभोवती फिरतात, आणि तो बाजार अगदी खरा होता.

नोंद न ठेवल्यानं काय होतं, याचं सगळ्यात करुण उदाहरण म्हणजे राजांच्या खोऱ्यातली, म्हणजे लक्सरजवळच्या राजघराण्याच्या दफनभूमीतली, केव्ही-५५ ही कबर. जानेवारी १९०७मध्ये थिओडोर डेव्हिस या श्रीमंत अमेरिकन माणसाच्या पैशानं ती उघडली गेली. आत राणी तियेच्या नावाची सोन्यानं मढवलेली लाकडी फळकुटं, आणि एक शवपेटी. शवपेटीवरचा सोन्याचा चेहरा ओरबाडून काढलेला, नावं कापून टाकलेली. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी या माणसाची ओळखच पुसायला निघालं होतं! रहस्यकथेला याहून चांगली सुरुवात कोणती? आणि मग कबर घाईघाईनं रिकामी केली गेली. धड नकाशा नाही, काय कुठे होतं याची नीट नोंद नाही. डेव्हिसनं ती तियेची कबर म्हणून जाहीर केली, तर हाडं निघाली पुरुषाची. २०१०च्या डीएनए चाचणीत तो राजा तुतनखामूनचा बाप ठरला, म्हणजे बहुधा राजा अखेनातेन. पण मरताना त्याचं वय किती होतं यावरून वाद अजून चालू आहे. शंभरेक वर्षांपूर्वी थोडा धीर धरला असता तर यातला बराच वाद टळला असता, असं मला मनापासून वाटतं.

या मालिकेतलं दुसरं मोठं सुख म्हणजे अब्दुल्ला. तो रईस आहे, म्हणजे उत्खननावरचा मुकादम. प्रत्यक्षातही पेट्रीनं १८९३-९४मध्ये कुफ्त गावातल्या माणसांना कामात तयार केलं, आणि तेव्हापासून इजिप्तमध्ये कसबी खोदकाऱ्याला 'कुफ्ती'च म्हणतात. युरोपियन अहवालांत ही माणसं क्वचितच दिसतात. अब्दुल्लाला मात्र मत आहे, राग आहे, स्वाभिमान आहे.

ममीचा शाप हाच ज्यांचा एकमेव मसाला आहे, ती पुस्तकं सोडून द्या. तुतनखामूनची कबर शोधणारा हॉवर्ड कार्टर त्यानंतर सोळा वर्षांहून जास्त जगला.

अगाथा ख्रिस्तींची 'डेथ कम्स अ‍ॅज द एंड' मात्र वाचाच. यात पुरातत्त्वज्ञ कुणी नाही, गोष्ट सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थिबीजमधली, म्हणजे आजच्या लक्सरच्या जागी असलेल्या प्राचीन शहरातली आहे; पण ती उत्खननातूनच जन्मली. हेकानख्त नावाच्या एका कुटुंबप्रमुखानं घरी लिहिलेली पत्रं १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला सापडली. घरात कुणाला किती धान्य द्यायचं याचा हिशेब, पोरांना दटावणी, आणि आपण आणलेल्या नव्या बाईशी नीट न वागणाऱ्या मोलकरणीला हाकलून द्या असा हुकूम. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या पत्रांची आठवण व्हावी असा मजकूर आहे. ख्रिस्तींनी त्या कुरबुरींतून खुनांची मालिका उभी केली.

पीबडी मालिका प्रकाशनाच्या क्रमानं वाचा. दहावं पुस्तक १९०७च्या हंगामावर आहे आणि त्यात केव्ही-५५ येते. तिथे पोचण्याआधी त्या कबरीचे जुने फोटो शोधून पाहून ठेवा. डेव्हिसची माणसं आत शिरतात तेव्हा काय काय पायाखाली जाणार आहे, हे तुम्हाला आधीच माहीत असेल.