जुना गेम, धूसर स्ट्रीम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी १९९३ सालचा मूळ ‘डूम’ हा गेम डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) खेळतो आणि ओबीएस (पडद्यावरचे चित्र थेट प्रक्षेपित करणारा प्रोग्रॅम) वापरून तो यूट्यूबवर थेट दाखवतो. माझ्या पडद्यावर चित्र बरे दिसते, पण प्रेक्षकांना ते धूसर दिसते. खालच्या पट्टीतले लाल आकडे फिसकटतात आणि शत्रूचा मार बसला की क्षणभर सगळा पडदा चौकोनी ठिगळांनी भरून जातो. बिटरेट (दर सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण) वाढवून पाहिला, पण धूसरपणा कमी झाला नाही. अपलोडची गती दहा मेगाबिट आहे. नेमके काय बदलावे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : बिटरेट वाढवूनही धूसरपणा कमी झाला नाही, ही आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. तिच्यावरून दोष इंटरनेटच्या जोडणीत नसून त्याच्या आधी, चित्र मोठे करण्याच्या पायरीवर आहे, असे दिसते. ‘डूम’ आपले चित्र आडवे ३२० आणि उभे २०० पिक्सेल एवढ्याच आकाराचे काढतो, म्हणजे एका फ्रेममध्ये ६४,००० पिक्सेल असतात. १९२० बाय १०८० च्या स्ट्रीममध्ये मात्र वीस लाखांहून अधिक पिक्सेल भरावे लागतात. हे मोठे करण्याचे काम डॉसबॉक्स, ओबीएस आणि प्रेक्षकाचा ब्राउझर यांपैकी कुणीतरी करतेच. अनेकदा तिघेही थोडे थोडे करतात आणि प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या पिक्सेलांचे रंग एकमेकांत मिसळून कडा मऊ होत जातात. एकदा मिसळलेले रंग पुढे कितीही बिटरेट दिला तरी वेगळे होत नाहीत. म्हणून चित्र एन्कोडरच्या (पाठवण्यासाठी चित्र आकुंचित करणाऱ्या भागाच्या) हाती जाण्यापूर्वीच ते पूर्ण पटीत आणि रंग न मिसळता मोठे करून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

इथे पिक्सेलच्या आकाराचाही विचार करावा लागतो. त्या काळचे मॉनिटर ४:३ प्रमाणाचे होते आणि ३२० बाय २०० चे चित्र त्या पूर्ण काचेवर ताणले जात असे, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा सव्वापटीहून किंचित कमी, म्हणजे १.२ पट उंच दिसे. राक्षसांचे चेहरे, शस्त्रे, पट्टीतला नायकाचा चेहरा हे सारे चित्रकारांनी तशा काचेवर पाहून रेखाटले होते. चौरस पिक्सेल धरून दाखवले तर ते बसके दिसतात, आणि जुना गेम आपुलकीने दाखवणाऱ्याने हे होऊ देऊ नये. सुदैवाने याचे गणित नेमके जुळते : रुंदी पाचपट आणि उंची सहापट केली की १६०० बाय १२०० चे चित्र मिळते, ते तंतोतंत ४:३ असते आणि त्यात प्रत्येक मूळ पिक्सेल पाच बाय सहाचा स्वच्छ आयत होतो.

प्रत्यक्ष कृती अशी करावी. डॉसबॉक्सच्या मांडणीच्या फाइलमध्ये ‘आउटपुट’ ला ‘सरफेस’, ‘स्केलर’ ला ‘नॉर्मल२एक्स’ आणि ‘आस्पेक्ट’ ला ‘फॉल्स’ अशी मूल्ये द्यावीत. आपल्या पडद्यावर विंडो थोडी बसकी दिसेल, पण ओबीएसला ६४० बाय ४०० चे कुठलीही मिसळ नसलेले चित्र मिळेल. ओबीएसमध्ये त्या सोर्सला (म्हणजे तिथे जोडलेल्या डॉसबॉक्सच्या चित्राला) ‘स्केलिंग/आस्पेक्ट रेशो’ हा फिल्टर लावून रेझोल्यूशन १६०० बाय १२०० आणि पद्धत ‘पॉइंट’ निवडावी. त्यानंतर सोर्सवर उजवी क्लिक करून स्केल फिल्टरिंगमध्ये ‘एरिया’ निवडावे आणि चित्राचा आकार १४४० बाय १०८० करावा. या शेवटच्या पायरीत कडा किंचित मऊ होतात, परंतु मिसळ मूळ पिक्सेलच्या काठापुरती राहते. थेट ‘पॉइंट’ वापरून १४४० बाय १०८० केले तर काही पिक्सेल चार आणि काही पाच ठिपके रुंद होतात, आणि नायक वळू लागला की भिंती थरथरल्यासारख्या दिसतात. बेस कॅनव्हास (ओबीएसमध्ये चित्रे मांडण्याची जागा) आणि आउटपुट (प्रेक्षकांकडे जाणारे चित्र) ही दोन्ही रेझोल्यूशन १९२० बाय १०८० ठेवावीत, म्हणजे शेवटी आणखी एकदा आकार बदलला जाणार नाही. ‘एचक्यू२एक्स’ सारखे चित्र गुळगुळीत करणारे स्केलर मी सुचवत नाही, कारण ते मूळ चित्रात नसलेल्या वक्ररेषा त्यात घालतात.

लाल आकड्यांचे कारण थोडे वेगळे आहे. स्ट्रीमिंगमध्ये सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या ४:२:० पद्धतीत उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलसाठी होते, पण रंगाची नोंद दोन बाय दोनच्या चौकटीसाठी एकच असते. त्यामुळे करड्या पट्टीवरच्या लाल आकड्याची बारीक कड आजूबाजूला सांडते. वरीलप्रमाणे चित्र आधीच मोठे केले की मूळ पिक्सेल या चौकटीपेक्षा बराच मोठा होतो आणि हा दोष जवळजवळ दिसेनासा होतो. त्यासाठी वेगळा उपाय करण्याची गरज नाही.

ठिगळांचा प्रश्न मात्र खरोखरच बिटरेटचा आहे आणि तो या गेमच्या रचनेतूनच येतो. ‘डूम’ मधला प्रत्येक पिक्सेल म्हणजे २५६ रंगांच्या तक्त्यातला एक क्रमांक असतो. मार बसला की गेम चित्र नव्याने रंगवत नाही, तर तो पूर्ण तक्ताच लालसर तक्त्याने बदलतो. वस्तू उचलली की त्याच रीतीने पिवळसर छटा येते. एन्कोडर मागच्या फ्रेमशी असलेल्या साम्यावर बचत करत असतो आणि इथे एका क्षणात एकही पिक्सेल पूर्वीच्या रंगाचा उरत नाही. ६००० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी साडेबारा किलोबाइट येतात, आणि ‘डूम’ ची मूळ फ्रेम तर ६४,००० बाइटची असते. आपल्या दहा मेगाबिट अपलोडवर ६००० ते ७००० केबीपीएसचा स्थिर बिटरेट ठेवावा. बाकीची गती जोडणीतल्या चढउतारांसाठी राखीव राहू द्यावी आणि कीफ्रेमचे (मागच्या फ्रेमवर अवलंबून नसलेल्या पूर्ण फ्रेमचे) अंतर दोन सेकंद ठेवावे.

त्याहून अधिक फायदा एन्कोडरच्या ‘प्रीसेट’ मधून, म्हणजे वेग आणि दर्जा यांचा तोल ठरवणाऱ्या तयार मांडणीतून मिळेल. नव्या गेममध्ये प्रोसेसर आधीच दमलेला असतो, म्हणून एक्स२६४ या प्रोसेसरवर चालणाऱ्या एन्कोडरसाठी ‘व्हेरीफास्ट’ निवडावे लागते. डॉसबॉक्स मात्र प्रामुख्याने एकाच कोरवर भार टाकतो आणि आजच्या संगणकाचे बाकीचे कोर बरेचसे मोकळे असतात. ते एन्कोडिंगला द्यावेत. ‘फास्ट’ किंवा ‘मीडियम’ निवडून ओबीएसच्या आकडेवारीत फ्रेम गळत नाहीत ना, हे पाहावे. जुन्या गेमची ही मोठी सोय आहे आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करून घेतात.

फ्रेमची गती सेकंदाला ६० च ठेवावी. ‘डूम’ सेकंदाला ३५ फ्रेम काढतो. ३० फ्रेमच्या स्ट्रीममध्ये त्यांतल्या पाच दर सेकंदाला गाळल्या जातात आणि हालचाल अडखळते, तर ६० मध्ये एकही गळत नाही, काही फ्रेम फक्त दोनदा दाखवल्या जातात. हे सर्व बदल केल्यावर थेट प्रक्षेपणापूर्वी त्याच मांडणीत पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करावे आणि मार खाण्याचे प्रसंग मुद्दाम घडवून ते तपासावे.

प्रश्न : ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ची १९९९ सालची आवृत्ती दाखवताना ओबीएसमध्ये कधी काळा पडदा येतो, तर कधी गवत जांभळे दिसते. चित्र आले तरी वरच्या पट्टीतले लाकूड, अन्न, सोने आणि दगड यांचे आकडे वाचता येत नाहीत. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ही आवृत्ती डायरेक्टड्रॉ या जुन्या व्यवस्थेतून २५६ रंगांत चित्र काढते. आजच्या विंडोजमध्ये तो रंगतक्ता दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हस्तक्षेपाने बिघडू शकतो, म्हणून गवत जांभळे होते. ओबीएसमधल्या ‘गेम कॅप्चर’ या, गेमचे चित्र थेट पकडणाऱ्या सोयीलाही डायरेक्टड्रॉचे चित्र नीट पकडता येत नाही. ‘सीएनसी-डीड्रॉ’ हा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्रॅम त्याच्या मूळ पानावरूनच उतरवून घ्यावा आणि गेमच्या फोल्डरमध्ये ठेवावा. तो गेमचे चित्र ओपनजीएल किंवा डायरेक्टथ्रीडी या नव्या व्यवस्थांमार्फत दाखवतो, त्यामुळे रंग सहसा जागेवर येतात आणि गेम कॅप्चर चालू लागते.

आकड्यांसाठी माझा सल्ला असा, की चित्र मोठे करूच नये. गेममध्ये १२८० बाय १०२४ हे रेझोल्यूशन निवडावे आणि ओबीएसच्या १९२० बाय १०८० कॅनव्हासवर ते आहे त्याच आकारात ठेवावे. उंचीला ५६ ओळी मोकळ्या उरतात, रुंदीला ६४० पिक्सेल उरतात, आणि तेवढ्या जागेत कॅमेरा व प्रेक्षकांचे संदेश व्यवस्थित बसतात. १०२४ बाय ७६८ चे चित्र १०८० उंचीपर्यंत ताणले तर ते सुमारे १.४ पट होते, आणि अशा अपूर्णांकी पटीत बारीक अक्षरांच्या कडा हमखास बिघडतात. या गेममध्ये झाडीवरून नकाशा सरकवताना एन्कोडरची खरी परीक्षा होते. त्यामुळे माऊस पडद्याच्या काठाला नेऊन नकाशा सतत सरकवण्यापेक्षा कोपऱ्यातल्या लहान नकाशावर क्लिक करून जागा बदलण्याची सवय लावून घ्यावी. चित्र एकदम बदलले तरी ते लगेच स्थिर होते आणि प्रेक्षकाला ते वाचता येते.

प्रश्न : आमच्या गावी अपलोडची गती तीन मेगाबिटच्या वर जात नाही. एवढ्यात जुना गेम नीट दाखवता येईल का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : येईल. आउटपुट १२८० बाय ७२० आणि बिटरेट २००० ते २२०० केबीपीएस ठेवावा. कॅमेरा आणि हलती सजावट काढून टाकावी, कारण प्रत्येक हलता कोपरा गेमच्या वाट्याचे बिट खातो. ‘एज ऑफ एम्पायर्स’ सारख्या गेमला सेकंदाला ३० फ्रेम पुरतात. ओबीएसच्या प्रगत मांडणीत गर्दीच्या वेळी बिटरेट आपोआप कमी करण्याची सोय आहे, ती चालू करावी, म्हणजे जोडणी मंदावली तरी प्रक्षेपण तुटणार नाही. संगणक वाय-फायऐवजी लॅन केबलने राउटरला जोडावा. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर लहान वाहिन्यांना कमी दर्जाचे पर्याय दर वेळी मिळतातच असे नाही, त्यामुळे मोबाइल डेटावर पाहणाऱ्या प्रेक्षकांनाही हा कमी बिटरेट सोयीचाच पडेल.