चिमुकल्या शिपायांचं रंगकाम: वाचकांचे प्रश्न

मी देवगडला बारावीत आहे. पुण्यात मावसभावाकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावरचा खेळ खेळताना त्यातल्या मिनिएचर, म्हणजे रंगवलेल्या चिमुकल्या मूर्ती, पाहिल्या आणि वेडच लागलं. ऑनलाइन रंगांचा मोठा सेट दिसतो, पण महाग आहे. तो घेतल्याशिवाय सुरुवात होईल का?

होईल, आणि जास्त चांगली होईल. काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा, चॉकलेटी आणि चंदेरी, एवढे सात ॲक्रिलिक रंग घे. मिनिएचरसाठीच्या खास रंगांची भुकटी जास्त बारीक दळलेली असते, म्हणून ते पातळ थरातही नीट झाकतात. पुढे एकेक बाटली जमव. हात बसेपर्यंत स्टेशनरीच्या दुकानातले ॲक्रिलिक चालतील. अंगाचा रंग मात्र चॉकलेटी, लाल, पिवळा, पांढरा मिसळून स्वतःच कर. आपल्याकडच्या माणसांच्या सावळ्या, गव्हाळ छटा मिसळूनच जिवंत होतात.

ब्रश दोन पुरेत. एक 2 नंबरचा गोल, दुसरा जुना चपटा. गोल ब्रश घेताना दुकानातच पाण्यात बुडवून झटक. सगळे केस एका टोकाला आले तरच पैसे दे. बारीक कामाला बारीक ब्रश हवा असं वाटून बरेचजण तीन शून्यांचा ब्रश घेतात. त्याच्या टोकावर रंग मिनिएचरपर्यंत पोचायच्या आधीच सुकतो.

बाकी सगळी गंमत रंग पातळ करण्यात आहे. बाटलीतला रंग तसाच लावलास तर चेहऱ्याचं नाकडोळं बुजून जातं. साय काढलेल्या दुधाइतका पातळ कर आणि अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघ. रेघ पसरली तर पाणी जास्त, फराटे दिसले तर कमी. असे दोन-तीन हात, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. रंग ओला राहावा म्हणून झाकणाच्या डब्यात भिजवलेला स्पंज ठेव, त्यावर बटर पेपर पसर आणि त्या कागदावर रंग घे. पावसात या डब्याला बुरशी येते, म्हणून पाणी दोन दिवसांनी बदल.

माळ्यावर दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे पडले असतील ना? पहिला हात त्यांच्यावर बसव. मातीचे असले तर रंग पितात, तेव्हा आधी पातळ फेव्हिकॉलचा एक हात दे.

रत्नागिरीत राहतो. जुलैत पाऊस उघडलेला बघून गच्चीवर स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, मारला. सगळ्या शिपायांवर पांढुरकी खरखरीत साय आली. डबा खराब होता का?

डबा बहुतेक चांगलाच असणार. पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली असं आपल्या किनाऱ्यावर होत नाही. स्प्रेतला द्रव झपाट्याने उडून जातो, तसा तो पृष्ठभाग गार करतो. हवा ओलीकिच्च असली की त्या गार झालेल्या थरावर बाफ धरते, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून धरते तशीच. ते पाणी प्रायमरमध्ये अडकतं आणि वर पांढरी साय दिसते. खरखर मात्र बऱ्याचदा डबा लांब धरल्याने येते, थेंब वाटेतच सुकून भुकटीसारखे बसतात. वीस ते पंचवीस सेंटीमीटरवरून, हात हलता ठेवून छोटे फवारे मारायचे.

माझ्यावरही ही वेळ आली आहे. अख्खी पलटण वाया गेली तेव्हा फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून वर्षाची विभागणीच केली आहे. स्प्रेची सगळी कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळचं दव उतरून ऊन चढल्यावर. वर्षभर लागतील तेवढे शिपाई त्या दिवसांत प्रायमर मारून डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून देतो. पावसाळ्यात नुसतं ब्रशकाम. मध्येच नवीन काही आलं तर ब्रशने लावायचं ॲक्रिलिक प्रायमर, दोन पातळ हात, आणि प्रत्येक हाताला पूर्ण एक दिवस. भिंतीवर आर्द्रतामापक लावा. काटा सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रेला हात लावू नका. रंगावर शेवटी द्यायच्या मॅट वॉर्निशलाही (बिनचमकीच्या संरक्षक थरालाही) हाच नियम, तिथे साय आली तर पंधरा दिवसांची मेहनत झाकली जाते.

बिघडलेले शिपाई टाकू नका. प्लास्टिकचे किंवा धातूचे असतील तर डेटॉलमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा. घासताना पाणी अजिबात लागू देऊ नका, नाहीतर सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होऊन तो पुन्हा बसतो. आधी कोऱ्या डेटॉलने खळबळा, मग भांड्यांच्या लिक्विडने धुवा.

अलिबागला असतो, शाळेतून निवृत्त झालो. नातवाबरोबर रंगवायला घेतलं. सगळं जमतं, डोळे जमत नाहीत. हात कापतो आणि नजरही पूर्वीची नाही.

काका, 28 मिलिमीटरच्या शिपायाचा चेहरा जेमतेम चार मिलिमीटर असतो, डोळा तर अर्धा मिलिमीटर. तिथे तरुणांचाही हात कापतो. पेण तुमच्या शेजारीच आहे. गणपतीच्या आधीच्या दिवसांत तिथल्या एखाद्या मूर्तींच्या कारखान्यात जाऊन आखणी करणाऱ्या, म्हणजे डोळे-भुवया रेखणाऱ्या, कारागिराजवळ बसा. मी असाच एकदा बसलो होतो. त्याचं मनगट हवेत कधीच नव्हतं. डाव्या हाताच्या मुठीवर उजवा हात टेकलेला, करंगळी मूर्तीच्या गालाशी, आणि भुवईची रेघ श्वास सोडताना एका ओढीत.

तेच आपल्याला करायचं आहे. मिनिएचर रिकाम्या गोळ्यांच्या बाटलीवर डबल टेपने चिकटवा, म्हणजे धरायला मूठ मिळते. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली. मग हात कापला तरी दोन्ही एकत्र कापतात, ब्रश आणि चेहरा एकमेकांपासून हलत नाहीत. डोक्याला बांधायचं भिंग आणि पांढऱ्या उजेडाचा दिवा घ्या.

गणपतीची आखणी शेवटी होते, आपण डोळे आधी करू. खोबणीत गडद चॉकलेटी भरा. त्यावर मळकट पांढरी आडवी रेघ, कडेला चॉकलेटी किंचित उरू द्या. शुभ्र पांढरा नको, डोळे वटारल्यासारखे दिसतात. बुबुळाला ठिपका देऊ नका, वरपासून खालपर्यंत बारीक उभी रेघ ओढा, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला किंचित सरकलेली. चुकलेलं सगळं नंतर अंगाच्या रंगाने कापून काढता येतं, म्हणून तर डोळे आधी. आणि काका, 54 किंवा 75 मिलिमीटरची एखादी मूर्ती घेऊन बघा. तिच्यावर चेहरा रंगवण्याचा आनंद वेगळाच आहे.

आम्ही सावंतवाडीचे. मुलगी नऊ वर्षांची आहे. हे रंग, गोंद तिच्या हातात द्यावेत का?

पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग द्या, पण ब्रशचं टोक ओठांत धरून जुळवायची सवय पहिल्या दिवसापासून लागू देऊ नका. टोक तळहातावर फिरवूनही जुळतं. कटर, स्प्रे आणि फेव्हिक्विक मोठ्यांनीच हाताळायचं. फेव्हिक्विक ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे आपल्या हवेत ते बोटांना फार पटकन धरतं. रेझिनचे पुतळे घासताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून तिच्यासाठी प्लास्टिकचेच घ्या. कुणी जुने धातूचे शिपाई दिले तर त्यांत शिसं असू शकतं, ते तिला नकोतच. तिला एकदा तुमच्याच गावच्या चितारआळीत लाकडी फळांवर रंग चढताना दाखवा. घरी येऊन ती ब्रश वेगळा धरेल.

मालवणच्या किनाऱ्यावरची वाळू शिपायाच्या बेसवर (पायाखालच्या चकतीवर) चिकटवली. महिन्याभरात पांढरे डाग आले.

मीठ आहे ते. वाळू गोड्या पाण्यात चार-पाच वेळा धुऊन, उन्हात वाळवून, चहाच्या गाळणीने चाळून घ्या. त्याहून छान म्हणजे जांभ्याचा चुरा. चिऱ्याचा तुकडा पोत्यात घालून हातोडीने फोडा, चाळा, फेव्हिकॉलवर पसरा. भोकाभोकांचे बारीक खडे अगदी खऱ्या कातळासारखे दिसतात, आणि रंगही द्यावा लागत नाही.